नव्वदाव्या दिवसाचं पाणी

साठाव्या दिवशीही पाण्यात शिसं उतरलं नाही, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याला पुन्हा 'शून्यराव' म्हणून चिडवलं. तो हसला नाही. त्याने बरणीतला सिमेंटचा ठोकळा चिमट्याने उचलला, जुनं पाणी तपासणीच्या बाटलीत भरलं, ठोकळा ताज्या पाण्यात सोडला आणि वहीत वेळ लिहिली.

कारखान्यांचा विषारी गाळ सिमेंटमध्ये कालवायचा, त्याचे ठोकळे पाडायचे आणि वस्तीच्या वरच्या अंगाला खड्ड्यात रचायचे. विष आतच कोंडून राहतं की पाण्यात उतरतं, एवढंच प्रयोगशाळेने बघायचं. नियम नव्वद दिवसांचा. पण पाच दिवस शून्य आलं की शिक्का मारून मोकळं व्हायचं, अशी रीतच पडली होती. पास झालेल्या मालातले उरलेसुरले ठोकळे मंडळी घरी न्यायची. सात वर्षांपूर्वी त्यानेही नेले होते. कुणी पायरी केली, कुणी कट्टा. त्याने अंगणातल्या झाडांसाठी हौद बांधला.

बरणीतला ठोकळा त्याच मालातला, कपाटात नमुना म्हणून राहिलेला. शिक्का त्याचाच.

त्याची मुलगी गेल्या वर्षी गेली. सहा वर्षांची होती. रक्तात शिसं आहे, असं डॉक्टर म्हणाले. खड्ड्याच्या खालीच विहीर, आणि सगळी वस्ती तिथेच पाणी भरायची. मग आणखी विचारायचं काय? सुट्टीच्या दिवशीही तो बरणीपाशी येऊन बसू लागला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी त्याला बाजूला घेतलं. "स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेताय? सही तुमची आहे."

"म्हणूनच," तो म्हणाला.

नव्वदाव्या दिवशी यंत्रावर आकडा आला. मर्यादेच्या अकरा पट. त्याने दोनदा पुन्हा मोजलं. मग स्टुलावर बसून तो पोटभर रडला. नोकरी जाणार होती, पण विहीरही बंद होणार होती. इतरांची पोरं तरी वाचतील, या विचाराने त्याला वर्षभरात पहिल्यांदा जरा हलकं वाटलं. अहवालावर सही करून तो घरी गेला.

बायको ओट्यापाशी भांडी पुसत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. पाच दिवसांत मारलेला शिक्का, पाण्यात उतरलेलं शिसं, खड्डा, विहीर. "मीच मारलं तिला," तो म्हणाला.

तिने फडकं बाजूला ठेवलं. पोर गेल्यापासून दोघं एकमेकांशी धड बोलले नव्हते. ती जवळ आली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"नका हो असं मनाला लावून घेऊ. तिला विहिरीचं पाणी मी कधी दिलंच नाही. खड्ड्याची धास्ती वाटायची मला. आपण दोघं प्यायलो विहिरीचं, पण तिच्यासाठी मी टँकरचं घ्यायची, आणि तुमच्या त्या हौदात भरून ठेवायची."