बाहुलीचा कोट

शिंप्याच्या लेकीनं लॅपटॉपवर दुकानाच्या जाहिरातीचे दोन नमुने लावले. दोन्हींत शिलाई मशीनवर त्याची वारलेली बायको होती. पहिली सॉफ्टवेअरनं बनवलेली. तिचा कोट पाण्यासारखा झुळझुळत होता. दुसरी तारेची वीतभर बाहुली, जराजरा हलवून फोटो काढलेली, अजून कपड्यांवाचून. “पहिलंच कर,” तो म्हणाला, “दुसऱ्यात कटकट फार.” “कटकटीला भिताय बाबा, की बाहुलीसाठी आईचा कोट कापावा लागेल म्हणून?” कोट वर्षभर खुंटीवरच होता. त्यानं पहिला नमुना पुन्हा पाहिला. “हिच्या बाहीला चुणीच नाही गं. दिवसभर मशीन चालवणारीचा कोट असा राहतो होय?” “मग कापू?” त्यानं मान डोलावली. लेकीनं कोटाला कात्री लावली. “थांब!” तो ओरडला. तिचा हात थबकला. त्यानं डोळे पुसून चष्मा चढवला. “दे इकडे. वाकडं कापलेलं तुझ्या आईला कधी खपलंय?”