गणपतीची रजा

हेमांगीचा अंगठा काचेवर टेकायचाच राहिला होता. पडद्यावरचे साहेब हसतमुखाने थांबले होते. पगार तिप्पट, काम घरबसल्या, तेही वेंगुर्ल्यात! अंगठा टेकवून हो म्हटलं की नोकरी पक्की. पण साहेब यंत्राने रचलेले निघाले, तर त्या एका होकारासरशी तिचा चेहरा आणि आवाज कायमचे त्यांचे होणार होते. शेजारच्या मंदारचं तसंच झालं. त्याचा चेहरा आता भलत्याच गावांत औषधं विकत होता, आणि खुद्द मंदारला बँकेत कुणी ओळखत नव्हतं.

तिने खडा टाकून पाहिला. "सर, गणपतीला पंधरा दिवस रजा लागेल."

"मंजूर."

"शिमग्यालाही?"

"अवश्य!"

हेमांगी खुलली. मागे येरझारा घालणारे बाबा मात्र थबकले.

"अगो, भुललीस काय? जन्मभर नोकरी केली मी. गणपतीची रजा मागितली की खरा साहेब आधी आठ्या घालतो, मग 'बघू' म्हणतो. हा एकदा तरी म्हणाला?"

तिने अंगठा झटकन मागे घेतला.

पडद्यावरचं हसू क्षणभर थिजलं. मग साहेबांच्या गुळगुळीत कपाळावर सावकाश आठ्या उमटल्या.

"पंधरा दिवस फार होतात," ते म्हणाले. "बघू."