सोळा दिवसांचा पंखा

मोतीरामने मस्कतहून टेपरेकॉर्डर, सेंटच्या सहा बाटल्या आणि रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर आणलं, तेही सुट्या भागांत. जोडणार कोण? अर्थात त्याचे बाबा. भिवा तांडेलांचा जन्म लाँचची इंजिनं जोडण्यात गेलेला. वरचा पंखा बसवायलाच त्यांना सोळा दिवस लागले. दोन्ही पाती समतोल राहावीत म्हणून हलक्या पात्याला त्यांनी नखाएवढी चिकटपट्टीसुद्धा लावली.

"झाला रे! चल, किनाऱ्यार उडवून बघूया." भिवांचे हात शिवशिवत होते.

"उडवूक? आणि पडला तर? लोकांका दाखवूक हाडलंय ता!" मोतीरामने हेलिकॉप्टर उचललं, बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि तिथूनच हाक मारली.

 

"बाबानू, वरचो पंखो तेवढो सोडवून देवा. कपाटाचा दार लागणा नाय."