चालू होईपर्यंत

“बाबा, काहीही बिघडलेलं नाही,” लेक म्हणाली. समोरच्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकत होत्या. प्रत्येक ओळीपुढे ‘ओके’ होतं आणि तरीही बाबांचा चेहरा एवढासा झाला होता.

“मग तुझी आई का दिसत नाही?”

संगणकातली लिनक्स प्रणाली सुरू होताना पडद्यावर आईचा फोटो यावा, ही सोय लेकीनेच करून दिली होती, आई गेल्यानंतर. मटार सोलता सोलता मान वर करून आई डोळे वटारते आहे, असा फोटो. बाबांना तोच हवा होता. मागच्या खेपेला आली तेव्हा लेकीने हौसेने संगणकात नवी वेगवान डिस्क बसवली, आणि त्या दिवसापासून फोटो गायब.

लेकीचा पेशाच हा. मोठमोठे सर्व्हर तिच्या हाताखाली निमूट चालत, आणि घरचा हा डबा काही दाद देईना. फोटोची फाईल जागेवर होती, सेटिंगही बरोबर. शेवटी चोर सापडला. पडद्यावर चित्र उमटवणारा छोटा प्रोग्राम, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, उशिरा जागा व्हायचा आणि तोवर बाकीच्यांचं सगळं आवरलेलं असायचं. तिने त्याला रांगेत पुढे आणलं आणि संगणक पुन्हा सुरू केला.

आई आली. पापणी लवते न लवते तोच लॉगिनची चौकट हजर.

“दिसली ना?” लेक ऐटीत वळली.

“दिसली. पण टेकली कुठे?”

“अहो बाबा, जुनी डिस्क किती रखडायची! तुम्हीच कुरकुरायचात.”

“फोटो नव्हता तेव्हा कुरकुरायचो.” बाबा चष्मा पुसू लागले. “नंतर तेवढ्या वेळात तिला सांगून टाकायचो सगळं. काय झालं, कोण आलं. मग प्रुफं तपासायच्या कामाला बसायचो.”

“मग डेस्कटॉपवरच लावते की. कायम दिसेल.”

“नको गं बाई. कायम समोर असली तर एक प्रूफ धड तपासू द्यायची नाही मला.”

लेक हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं. एवढी हुशारी पाजळून आपण वेळ वाचवला तो कुठला, तर बाबांच्या आईशी बोलण्याचा. तिने खुर्ची पुढे ओढली आणि दोन ओळी लिहिल्या: फोटो आला की संगणकाने थोडा वेळ मुकाट्याने थांबायचं. ऑफिसात कुणी संगणक असा मुद्दाम रखडवला असता तर तिनेच त्याची खरडपट्टी काढली असती.

संगणक पुन्हा सुरू झाला. आई आली आणि थांबली. बाबा पुढे वाकून हलक्या आवाजात काहीतरी सांगू लागले. आपण ऐकू नये म्हणून लेक उठून खिडकीपाशी गेली, पण नजर वळून वळून फोटोकडेच जात होती. मग तिनेही मनातल्या मनात आईला हाक मारली. पुढचं काही सांगणार, एवढ्यात लॉगिनची चौकट आली.

बाबांनी मागे वळून लेकीकडे पाहिलं.

“अजून थोडा वेळ वाढव,” ते म्हणाले. “आज आपण दोघं आहोत.”