हिरवी भाकर

जळबा आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. जवळा बाजारपर्यंत एस्टीनं आणि तिथून पुढं तीन कोस पायी. भावाला दारात बघून जनकाबाई चुलीपुढून उठली. बांगड्या भरायला आलेल्या कासारणीजवळ तिनं निरोप धाडला होता, एवढाच, की एकदा येऊन बघून जाय म्हणावं. त्याला पंधरा दिवस झाले होते.

"बसा पाव्हणं," जनकाबाईची सासू केशरबाई म्हणाली. तिनं त्याला ओसरीवर घोंगडी टाकून दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. तिथून ओसरीही दिसत होती आणि चूलही.

"दाजी कुठं हायेत, मावशी?"

"रामजी व्हय? सिद्धेश्वरच्या कालव्यावर हाय. मुकादम केलंय त्याला. घडीची सवड न्हाई."

रामजी आखाडातच घर सोडून गेला होता. कुठं, ते या दोघींनाही ठाऊक नव्हतं. गावाला कळू नये म्हणून केशरबाईनं मुकादमाची गोष्ट रचली, आणि एकदा रचल्यावर सुनेला निंदायला पाठवायचीही सोय उरली नाही. मुकादमाची बायको रोजानं गेली तर लोक विचारणारच.

सासूसमोर तोंडानं बोलणं शक्य नव्हतं. पण ताट तर वाढायचं होतं. जनकाबाईनं मनाशी ठरवलं, कोरडी भाकर, मीठ आणि पाण्याचा तांब्या, एवढंच ठेवायचं त्याच्यापुढं. जळबा काही येडा नाही. बघताक्षणी ओळखेल आणि म्हणेल, अक्का, ऊठ, गाठोडं बांध.

डब्यात रेशनवर मिळालेल्या लाल मिलो ज्वारीचं पीठ होतं, दोन-तीन ओंजळी. तिनं डबा झाडून ते काठवटीत घेतलं.

जळबा पाय धुऊन आला. त्याच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. "अक्का, सकाळपासून पोटात कायबी न्हाई बघ," तो म्हणाला. लहानपणी रानातून आल्यावर म्हणायचा, अगदी तसंच.

जनकाबाईचे हात थांबले. मग ते भलतंच करायला लागले.

ती परसात गेली. कुंपणाच्या कडेला उगवलेली घोळीची भाजी तिनं ओचाभर खुडली, चार अंबाडीचे शेंडे मोडले. घोळ बारीक चिरून पिठात घातली, म्हणजे दोन भाकरींच्या पिठात तीन होतील. मिलोच्या भाकरीचे तुकडे पडतात म्हणून उकळत्या पाण्यात पीठ मळलं. अंबाडी शिजवून तिचं आंबट पाणी ओतून दिलं आणि गाडग्याच्या तळाशी राहिलेली तुरीची चूर आणि मूठभर कण्या तिच्यात घोटल्या. तेलाची बाटली रिकामी होती. ती उन्हात ठेवून मग कढईवर उपडी धरली, तेव्हा तीन थेंब पडले. त्यात लसणाच्या चार पाकळ्या. जवस भाजून मिरचीमिठासंगं कुटले, तर त्यांनाच तेल सुटलं. घरभर वास दरवळला. जनकाबाईला स्वतःचाच राग आला, पण भाकर तव्यावर टाकताना ती कुठं करपू नये म्हणून ती कडेकडेनं फिरवतच राहिली.

जळबानं घास मोडला आणि भाकर उजेडात धरली.

"मिलो हाय ही? आमच्या घरी तर चुरा व्हतोय. लेकरं तोंडाला लावीनात."

"आमच्यात अशीच करतेत," केशरबाई उंबऱ्यावरून म्हणाली.

"तुमी न्हाई बसत, मावशी?"

"मी मघाच जेवले."

सकाळपासून तिनंही पाण्यावर काढलं होतं. ती ताटाकडं बघत नव्हती.

जळबानं दोन भाकरी खाल्ल्या, भाजी दोनदा मागून घेतली आणि जवसाची चटणी बोटानं पुसून चाटली. निघताना केशरबाई सुपारी आणायला आत गेली, तेव्हा बहीणभाऊ अंगणात पहिल्यांदाच दोघंच उभे राहिले.

जळबा हळू आवाजात म्हणाला, "मायनं बजावलं व्हतं बघ. तिला इचारू नको म्हणं, ती सांगायची न्हाई. तिच्या घरी जेवून ये, मंग मला सांग." तो हसला. "तुझ्या घोरानं झोपत न्हाई ती. आता झोपंल."

जनकाबाईनं तोंड उघडलं. तेवढ्या वेळात एक वाक्य सांगून झालं असतं. पण तिची नजर भावाच्या तोंडावर गेली. धान्याच्या मोंढ्यात पोतं खाली टाकल्यावर हमालाचं तोंड होतं, तसं त्याचं मोकळं झालं होतं. हा भीत भीत आला होता, हे तिला आत्ता कळलं. अक्काला न्यावं लागलं तर काय, या भीतीनं. त्याच्या घरी चार लेकरं होती, आणि डब्यात हीच मिलो.

"व्हय," ती म्हणाली. "सांग मायला."

केशरबाईनं सुपारी आणून दिली. जळबानं तिच्या पाया पडून पिशवी खांद्याला लावली आणि बांधाबांधानं निघून गेला.

जनकाबाई घरात आली तेव्हा केशरबाई चुलीपुढं बसली होती. उरलेल्या भाकरीचे तिनं दोन भाग केले होते. एक तिनं सुनेकडं सरकवला. दोघी खाली मान घालून खात राहिल्या.

"मला वाटलं, तू जातीस आता," केशरबाई म्हणाली.

"मलाबी तसंच वाटलं व्हतं," जनकाबाई म्हणाली.