चार नंबरच्या तुकड्याचं म्हणणं

बैठक सुरू होताच चार नंबरच्या तुकड्यातली माती टेबलावरच्या यंत्रातून बोलली, "यंदा माझ्यात काही पेरू नका. मी दमलेय."

सामूहिक शेताच्या बिनपगारी संचालक मंडळानं हातातले चहाचे कप खाली ठेवले. त्या तुकड्यावर साठ घरांची भाजी पिकत होती आणि पुढच्या महिन्यात मंडळाची निवडणूक होती.

"शालनताई, पेरलं नाही तर आपण पडलोच," संचालक मुजावर म्हणाले.

"पडू की. पगार थोडाच बुडणार आहे?" अध्यक्ष शालनताई म्हणाल्या.

चहात साखर किती, यावर तासभर भांडणाऱ्या पाच जणांनी न पेरण्याचा ठराव मिनिटभरात मंजूर केला.

पाचही जण पडले. नवं मंडळ बियाणं घेऊनच शेतावर गेलं. मातीनं त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी बियाणं गोदामात ठेवलं आणि शालनताईंचं घर गाठलं.

"लोकांना आता काय सांगायचं?"

"खरं ते सांगा," शालनताई म्हणाल्या, "आणि पडायची तयारी ठेवा."