सासूबाईंची लाल गाडी

सासूबाईंचे पाय सीटच्या पाठीवर होते आणि डोकं खाली, ब्रेकच्या पेडलपाशी.

त्यांच्या तरुणपणीच्या स्पोर्ट्‌स कारचा स्टिअरिंगचा दांडा खिळखिळा झाला होता. "माझी मुलगी या गाडीत बसणार नाही," मी सांगून टाकलं होतं.

"टॉर्च नीट धर गं. दांड्यापेक्षा तूच जास्त हलतेयस."

बोल्ट आवळून त्या वर आल्या आणि स्टिअरिंगला चक्क लोंबकळल्या. दांडा तसूभरही हलला नाही. "आधी मी एकटी घाट चढून येते. मग तू ठरव."

गाडीचा आवाज वळणावळणाने वर गेला आणि तसाच खाली आला. मी अंगणात उभी राहून ऐकत होते. परतल्या तेव्हा त्यांचे पांढरे केस पार विस्कटले होते.

मुलीला नवऱ्याच्या कडेवर देऊन मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "आई, पुन्हा घाट. जरा जोरात."